बुधवारचं रोम आणि सहाच्या आत जहाजावर

पत्र, थोडक्यात: "आम्ही वसईचे. सप्टेंबरअखेर भूमध्य समुद्रातल्या क्रूझला निघालोय. सासूबाई (वय ७१, उजव्या गुडघ्याची वाटी बदललेली), आम्ही दोघं, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि शेजारचं एक शाकाहारी हिंदू जोडपं. जहाज एका बुधवारी सकाळी ७ ला रोमच्या बाजूच्या चिविताव्हेकिया बंदराला लागतं आणि संध्याकाळी ७ ला सुटतं. सगळ्यांनी ६ पर्यंत जहाजावर परत यायचंय. सासूबाईंना संत पीटरचं महामंदिर, संत फ्रान्सिस झेवियरचा हात आणि पोप फ्रान्सिस यांची कबर बघायची आहे. मुलाला मायकेलअँजेलोच्या भित्तिचित्रांचं सिस्टीन चॅपल. जहाजाची सहल फार महाग वाटते, पण ट्रेनने गेलो आणि जहाज चुकलं तर? कपडे, खाणं, कागदपत्रं यांचंही सांगा. शिवाय पॅरिशमधल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पाच-सहा जणींनी पोप महोदयांच्या आशीर्वादाच्या रोझरी (जपमाळा) आणायला सांगितल्यात."

ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकलीय: वार बुधवार आहे. पोप रोममध्ये असले की बुधवारी सकाळी त्यांची सार्वजनिक भेट, म्हणजे जनरल ऑडियन्स, बहुधा महामंदिरासमोरच्या सेंट पीटर चौकातच भरते. त्या वेळात महामंदिर बाकीच्यांना बंद असतं, ते उघडतं दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास. हे ठाऊक नसलेली क्रूझची मंडळी साडेनऊला कठड्याशी येऊन उभी राहतात, उन्हात तीन तास काढतात आणि दार उघडेपर्यंत त्यांची परतीची घाई सुरू झालेली असते. तेव्हा तुमचा दिवस उलटा लावायचा. सकाळी दुसरीकडे, दुपारी महामंदिर.

दुसरं म्हणजे, चार जागा होणार नाहीत. दोन होतील. तिसरी मुलाला एकट्याने करता येईल. ऐकायला कंजूषपणा वाटेल, पण हिशेब मांडला की दिसतं.

हिशेब शेवटाकडून मांडा. सहाला जहाजावर हवं, म्हणजे सव्वापाचला जहाजाच्या शिडीशी पोचायचं ठरवा. चिविताव्हेकिया स्टेशनपासून जहाजापर्यंत दोन बस लागतात, त्यांची वाट बघण्यासकट चाळीस मिनिटं धरा. म्हणजे स्टेशनवर साडेचार. रोमच्या सान पिएत्रो स्टेशनातून चिविताव्हेकियाला लोकल गाडी पाऊण ते एक तास घेते. म्हणजे साडेतीनच्या आसपासची गाडी, आणि महामंदिरातून पावणेतीनला पाय बाहेर. ही गाडी चुकली तर साधारण अर्ध्या तासाने पुढची असते आणि ती घेऊनही सहा गाठता येतात. ही एक जादा गाडी हाताशी राहिलीच पाहिजे. "अजून वेळ आहे" म्हणून तीच आपली मुख्य गाडी करून टाकतात, आणि मग ती उशिरा आली की धावाधाव होते.

आता सकाळकडून बघा. जहाज सातला लागतं म्हणजे तुम्ही सातला उतरत नाही. बंदराची परवानगी मिळून शिडी उघडायला अर्धा-पाऊण तास जातो, आणि त्याच वेळी सहलींचे जथेही उतरत असतात. साडेसहाला नाश्ता उरकून पावणेआठपर्यंत खाली आलात तर बरं. धक्क्यावरून बंदराची मोफत बस तुम्हाला लार्गो देल्ला पाचे या फाटकाबाहेरच्या ठिकाणी सोडते. तिथून स्टेशनची बस वेगळी, तिचं तिकीट पडतं. धडधाकट माणसं तेवढं अंतर वीसेक मिनिटांत समुद्राकाठाने चालतात, पण सासूबाईंची चाल या टप्प्यावर खर्च करू नका, ती पुढे लागणार आहे. सव्वाआठ-साडेआठची गाडी मिळाली तर साडेनऊपर्यंत सान पिएत्रो स्टेशन.

जहाजाची सहल की ट्रेन, याचं सरळ उत्तर असं. जहाजाने विकलेली सहल उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं किंवा पुढच्या बंदराला पोचवायची जबाबदारी घेतं. तुम्ही स्वतःहून गेलात तर थांबत नाही. त्या महागड्या दरात तुम्ही मुख्यतः हाच विमा विकत घेता, गाईडची माहिती त्यामानाने दुय्यम. मात्र तुमच्या बुधवारी एक पेच आहे. ठरावीक सहलीला जायचं असेल तर महामंदिर आत जाऊन दाखवणार की बाहेरून, आणि किती वाजता, हे लेखी विचारा. पत्रकातल्या 'दर्शन' या एका शब्दात दोन्ही बसतं. मधला मार्गही असतो. बहुतेक जहाजं 'रोम तुमच्या मर्जीने' अशा धर्तीची नुसती बस विकतात: व्हॅटिकनच्या आसपास सोडायचं आणि ठरल्या वेळी तिथूनच उचलायचं. ती जहाजाचीच सहल असल्याने थांबण्याची हमी तिलाही असते आणि दर बराच कमी पडतो. जिना, प्लॅटफॉर्म, गर्दी यांची सासूबाईंना धास्ती असेल तर ही बस घ्या. फक्त परतायची वेळ विचारून घ्या. दोन वाजताच उचलणार असतील तर बुधवारी तिचा उपयोग नाही.

आमचा कौल? सहा माणसं, त्यात एक कॉलेजचा मुलगा आणि सहाची मुदत, एवढं असताना ट्रेन जमते. तिचे खाचखळगे मात्र आधीच कळलेले बरे.

तिकीट रेजोनाले, म्हणजे साध्या प्रादेशिक गाडीचं घ्या. एका बाजूला माणशी पाच युरोच्या आसपास पडतं. इंटरसिटीसारख्या जलद गाड्यांना ते चालत नाही, आणि त्या सान पिएत्रोला थांबतही नाहीत. सकाळीच सहाही जणांची जाण्या-येण्याची तिकिटं काढून ठेवा, म्हणजे दुपारी रोममध्ये यंत्रासमोरची रांग वाचेल. कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी प्लॅटफॉर्मजवळच्या छोट्या यंत्रात शिक्का मारायचा असतो. शिक्का नसेल तर खिशात पैसे भरलेलं तिकीट असूनही दंड होतो, आणि "माहीत नव्हतं" हे तिकीट तपासनीस रोज पन्नास वेळा ऐकत असतो. शिक्का मारल्यापासून तिकीट चार तास चालतं, म्हणून परतीच्या तिकिटावर सकाळी हौसेने शिक्का मारू नका.

परतताना फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन नीट वाचा. त्याच मार्गावरच्या काही गाड्या लादिस्पोलीलाच संपतात, चिविताव्हेकियापर्यंत जातच नाहीत. उलट ग्रोसेतो किंवा पिसा लिहिलेली गाडी पुढे जाणारी असते आणि चिविताव्हेकियाला थांबते. थांब्यांची यादी फलकावर सरकत असते, त्यात आपलं नाव दिसल्याशिवाय चढायचं नाही.

सान पिएत्रोला उतरलात की मुलाची वाट वेगळी. सिस्टीन चॅपल महामंदिरात नाही, व्हॅटिकन संग्रहालयांच्या आत आहे, आणि त्यांचं दार चौकापासून लांब, तटाला वळसा घालून वियाले व्हातिकानोवर उघडतं. संग्रहालयं बुधवारीही चालू असतात, उलट महामंदिर बंद म्हणून सकाळी तिथे जास्तच रेटा असतो. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरूनच काढायचं: २० युरो आणि वेळ राखून ठेवण्याचे वर ५. पंचविशीपर्यंतच्या विद्यार्थ्याला सवलत आहे, त्यासाठी कॉलेजचं ओळखपत्र जवळ हवं. तारखा दोनेक महिने आधी खुल्या होतात आणि सकाळच्या वेळा लवकर संपतात. साडेदहाची वेळ घ्यायची. स्टेशनपासून दारापर्यंत अर्धा तास चाल आहे, आत रस्ता एकदिशा आहे आणि चॅपल जवळजवळ शेवटी येतं. तिथे फोटो बंद, बोलणं बंद. चॅपलमधून थेट महामंदिरात निघणाऱ्या एका दाराबद्दल इंटरनेटवर बरंच लिहिलेलं सापडेल. ते गाईडबरोबरच्या गटांसाठी असतं आणि केव्हाही बंद ठेवतात, त्यावर मुलाने भिस्त ठेवू नये. नेहमीच्या वाटेने बाहेर पडून चौकात यायला पंधरा-वीस मिनिटं. सासूबाईंना तिकडे नेऊ नका. तासन्‌तास उभं राहणं आणि जिने आहेत, नव्या गुडघ्याचे हाल होतील.

भेटायची जागा "चौकातल्या खांबापाशी" अशी ठरवू नका. ऑडियन्सच्या दिवशी तो उंच दगडी खांब (ओबेलिस्क) खुर्च्या आणि कठड्यांच्या आत अडकलेला असतो. चौकाच्या बाहेर, विया देल्ला कोन्चिलियात्सिओने या सरळ रस्त्यावरचं एखादं दुकान आधी नकाशात बघून ठरवा, आणि "साडेबाराला नाही दिसलास तर आम्ही रांगेत लागतो" हेही सांगून ठेवा.

बाकीच्या पाच जणांनी सान पिएत्रो स्टेशनसमोरूनच ६४ क्रमांकाची बस धरायची. ती तिथूनच सुटते, म्हणून सासूबाईंना बसायला जागा मिळते. तिकीट दीड युरोच्या घरात, शंभर मिनिटं चालतं. संपर्कविरहित बँक कार्ड बसमधल्या यंत्राला लावूनही भागतं, पण एक कार्ड एकाच माणसाचं. ही ६४ खिसेकापूंसाठी वर्षानुवर्षं बदनाम आहे. पद्धत ठरलेली: दाराशी उगाच दाटी होते, कुणी नकाशा किंवा जाकीट हातावर टाकून उभं राहतं आणि दार मिटता मिटता उतरतं. पाकीट मागच्या खिशात नको, पर्स पोटाशी आणि चेन आपल्या हाताखाली. मंगळसूत्र, गोफ, पाटल्या जहाजावरच्या तिजोरीत राहू द्या.

लार्गो आर्जेन्तिनाला उतरून चार-पाच मिनिटांवर जेझू चर्च. जुन्या गोव्याच्या बाँ जेझुस बासिलिकेत ज्यांचं पार्थिव आहे, त्या संत फ्रान्सिस झेवियरचा उजवा हात, कोपरापासून खालचा, १६१४ मध्ये वेगळा करून रोमला आणला गेला. तो इथे आहे. आत गेल्यावर मुख्य वेदीकडे तोंड केलं की उजव्या बाजूच्या आडव्या दालनात झेवियरची वेदी लागते. तिच्यावर सोनेरी आणि काचेच्या पात्रात, उंचावर, तो हात दिसतो. अंतर बरंच असतं, मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून पाहिलं तर बोटं नीट दिसतात. समोर डावीकडे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची कबर आहे. बाकांवर निवांत बसता येतं, गर्दी महामंदिराच्या मानाने काहीच नाही. इथे सासूबाईंना हवा तेवढा वेळ द्या, पण साडेअकराच्या आत निघा. कारण रोमची साधी चर्चेस दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात आणि चारनंतर उघडतात. चार मोठी महामंदिरं तेवढी दिवसभर चालू असतात. गोव्याहून किंवा वसईहून गेलेले कित्येक जण दुपारी दोनला जेझूच्या बंद दारासमोर येऊन उभे राहतात, ते याच कारणाने.

पोप फ्रान्सिस यांची कबर सेंट पीटरमध्ये नाही. एप्रिल २०२५ मध्ये ते गेले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना सान्ता मारिया माज्जोरे या महामंदिरात पुरलं. ते तेर्मिनी स्टेशनजवळ, शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. सासूबाईंना एकच निवडायला सांगा, झेवियर की फ्रान्सिस. दुसरं निवडलं तर चिविताव्हेकियाच्याच गाडीने शेवटपर्यंत तेर्मिनीला जायचं आणि तिथून दहा-बारा मिनिटं चालायचं. माज्जोरे दुपारी बंद होत नाही, पण कबरीसमोर रांग असते आणि तिथून चौकात यायला लागणारा वेळ जास्त. दोन्ही करायला गेलात तर महामंदिर हातचं जाईल. आम्हाला विचाराल तर झेवियर.

पावणेबारापर्यंत बसने परत व्हॅटिकनपाशी. सगळी गर्दी या सुमाराला बाहेर पडत असते, तुम्ही उलट दिशेने आत शिरता. जेवण इथेच उरका, पण चौकाला लागून असलेल्या हॉटेलांत नको, दोन गल्ल्या आत जा. शेजाऱ्यांसाठी तुकड्यावर विकला जाणारा पिझ्झा सगळ्यात सोयीचा, काचेमागे दिसतो आणि वजनावर मिळतो. नुसतं 'मांस नको' म्हणून चालत नाही, कारण हॅम आणि मासा त्यात बरेचदा धरत नाहीत. भोपळ्याच्या फुलांचा पिझ्झा दिसायला शुद्ध शाकाहारी, पण रोममध्ये त्यात अँचोवी मासा घालायची रीत आहे. मार्गेरिता किंवा बटाट्याचा घ्या. काटेकोर शाकाहारी असतील तर त्यांना हेही सांगा की पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात. जहाजाच्या बुफेतली केळी-सँडविचेस पिशवीत भरून नेऊ नका, बहुतेक बंदरांत त्याला मनाई असते. घरचा चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, भाजणीच्या कडबोळ्या यांचं पाकीट हरकत नाही.

पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही. रोमच्या रस्त्यांवर ओतीव लोखंडाचे बुटके नळ चोवीस तास वाहत असतात आणि पाणी पिण्याचं असतं. तोटीचं टोक बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून पाण्याची धार उसळते, तोंड लावून प्यायला. बाटली भरायची तर सरळ खाली धरा. बाटली स्टीलची किंवा प्लास्टिकची, काचेची नको. स्वच्छतागृहं चौकाच्या कडेला आहेत, मोफत. रांगेत लागण्यापूर्वीच जाऊन या, महामंदिराच्या आत सोय शोधत बसावं लागेल.

साडेबाराच्या आत रांगेत. महामंदिराकडे तोंड केलं की उजव्या हाताच्या खांबांच्या ओळीपाशी तपासणी असते, विमानतळासारखी. महामंदिरात जायला पैसे लागत नाहीत. "रांग लांब आहे, आमच्याकडून आत चला" म्हणत गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मंडळी रस्त्यात भेटतील. ते गाईडची फी विकतात, आणि सुरक्षेची रांग त्यांनाही चुकत नाही. सासूबाईंच्या गुडघ्यातली धातूची वाटी यंत्रात वाजेल. शस्त्रक्रियेचं कार्ड किंवा डॉक्टरांची इंग्रजीतली दोन ओळींची चिठ्ठी हातात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको. सुरी, कात्री, अडकित्ता जहाजावरच राहू दे. व्हीलचेअर दिसली की रक्षक बहुतेक वेळा वेगळ्या बाजूने घेतात. पण जहाजावरच्या व्हीलचेअर सहसा आणीबाणीसाठी असतात, किनाऱ्यावर न्यायला देत नाहीत. लागणार असेल तर घडीची स्वतःची हवी. नाहीतर निदान काठी, कारण चौकातली फरसबंदी काळ्या दगडी ठोकळ्यांची आहे. त्यांच्या फटीत बारीक टाच आणि काठीचं बारीक टोक दोन्ही अडकतात. काठीला रुंद रबरी बूच बसवून घ्या.

कपड्यांचा नियम एका वाक्याचा आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले, बायकांचे आणि पुरुषांचेही. त्यात अडकतात ते बहुतेक पुरुषच. क्रूझवर दिवसभर बर्मुडात वावरलेला माणूस तसाच उतरतो आणि दारातून परत फिरतो. सप्टेंबरअखेर रोममध्ये ऊन असतं, तेव्हा मुलाला आणि बाकीच्या दोघा पुरुषांना पातळ सुती फुल पँट. साडी चालते, पण बस-गाडीच्या चढउतारात पंजाबी ड्रेस बरा पडतो, आणि ओढणी म्हणजे तयार शाल. बिनबाह्यांचा ब्लाऊज असेल तर पदर दोन्ही खांद्यांवरून. पुरुषांनी आत टोपी काढायची. बायकांनी डोकं झाकायची गरज नाही. चपला-बूट काढायचे नसतात, हे शेजाऱ्यांना आधीच सांगा, नाहीतर ते दारात जागा शोधत राहतील.

आत साधारण सव्वा तास मिळेल. पोर्टिकोत, म्हणजे दारांपुढच्या ओसरीत, उजव्या टोकाचं दार बंद दिसेल. ते २०२५ च्या जुबिलीचं, म्हणजे चर्चच्या पवित्र वर्षाचं, पवित्र दार, ६ जानेवारी २०२६ ला बंद झालं. त्यातून नेतो म्हणून कुणी सहल विकत असेल तर हसून पुढे व्हा. आत शिरल्याबरोबर उजवीकडे मायकेलअँजेलोची पिएता, म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मरियामातेची मूर्ती. १९७२ मध्ये एकाने हातोड्याने तिच्यावर घाव घातले, तेव्हापासून ती काचेमागे आहे. तिच्या पुढच्याच चॅपलमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांची कबर. हे दोन्ही दारालगत आहेत, सासूबाईंना थकायच्या आधी ते दाखवा. मग मधून सरळ वेदीकडे. आतली लांबी १८७ मीटरच्या आसपास आहे आणि बसायला बाकं मोजकीच, म्हणून बाजूबाजूने भटकत बसू नका. वेदीच्या अलीकडे उजव्या हाताला संत पीटरचा ब्राँझचा पुतळा, शतकानुशतकांच्या स्पर्शाने त्याचं पाऊल झिजून गुळगुळीत झालंय. त्याला हात लावायला छोटी रांग असते, भरभर सरकते. आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया यांना ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद बहाल केलं ते याच रोममध्ये. सासूबाईंना ठाऊक असेलच, पण मुलाला सांगा.

घुमट सोडा. पायऱ्या ५५१, लिफ्ट घेतली तरी वर ३२० उरतात, आणि तुमच्या दिवशी वेळही नाही. तळघरातल्या पोपांच्या कबरींकडे जायचं असेल तर ते शेवटी ठेवा, तिथून बाहेरची वाट बरेचदा थेट बाहेरच काढते आणि पुन्हा आत यायला मिळत नाही.

एखाद्या बाजूच्या वेदीवर मिस्सा (चर्चमधला उपासनाविधी) चालू असेल आणि दोरी लावलेली असेल, तर रक्षकाला "मेस्सा" म्हणून सांगितलं की सोडतात. पण मग मिस्सा संपेपर्यंत बसायचं, फोटो काढून उठायचं नाही. शेजाऱ्यांनी बसायला हरकत नाही. मात्र कोमुनियनची, म्हणजे ख्रिस्ती लोकांनी पवित्र भाकर घेण्याची, रांग लागली की त्यांनी जागेवरच राहायचं. प्रसाद समजून हात पुढे करणारे भेटतात आणि मग सगळ्यांचीच पंचाईत होते. परमपवित्र संस्काराच्या, म्हणजे ही पवित्र भाकर ठेवतात त्या, चॅपलमध्ये पडद्यामागे फक्त प्रार्थनेसाठी जातात, तिथे फोन खिशात.

आता रोझरी. आशीर्वाद दिलेल्या वस्तू विकायच्या नाहीत असा चर्चचा नियमच आहे, त्यामुळे दुकानदार "पोपनी आशीर्वाद दिलेली" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर ती थाप. ऑडियन्सच्या शेवटी पोप आशीर्वाद देतात तो जमलेल्या लोकांनी जवळ बाळगलेल्या पवित्र वस्तूंनाही लागू होतो. तुमच्या वेळापत्रकात तुम्ही त्या वेळी जेझूमध्ये असाल. सासूबाईंचा जीव रोझरीतच अडकला असेल, तर झेवियर सोडून थेट चौकात जाऊन कठड्याबाहेर उभं राहता येतं. पण ऑडियन्ससाठी खुर्चीचा मोफत पास आधी मागवावा लागतो, फाटकं फार लवकर उघडतात आणि चिविताव्हेकियाहून येणाऱ्याला पुढची जागा मिळत नाही. आमच्या मते रोझरी रोममध्ये विकत घ्या आणि वसईत आपल्या फादरांकडून आशीर्वादित करून वाटा, ती तितकीच आशीर्वादित असते. मैत्रिणींना मात्र खरं तेच सांगा.

आठवडाभर आधी दोन गोष्टी तपासा. एक, पोप त्या बुधवारी रोममध्ये आहेत का. ते परदेश दौऱ्यावर असतील तर ऑडियन्स नसते आणि महामंदिर सकाळपासून उघडं. तसं असेल तर क्रम फिरवू नका, थेट चौकात जा आणि जेझू साडेअकरापर्यंत गाठा. दोन, रेल्वेचा संप. इटलीत संप आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळातल्या ठरावीक लोकल चालवाव्याच लागतात. म्हणजे संपाच्या दिवशी सकाळी आरामात रोमला पोचाल आणि दुपारी अडकाल. तारीख संपाची निघाली तर ट्रेनचा विचार सोडून जहाजाची बस घ्या, आदल्या रात्रीपर्यंत जागा असतात तोवरच.

कागदपत्रं. बरीच जहाजं पासपोर्ट स्वतःकडे ठेवतात. तसं असेल तर फोटोच्या आणि व्हिसाच्या पानाची झेरॉक्स प्रत्येकाच्या खिशात वेगळी. व्हॅटिकनच्या हद्दीवर पासपोर्ट कुणी बघत नाही. जहाजाचं कार्ड मात्र हरवलं तर बंदराच्या फाटकातच अडाल. तुमच्या मार्गात ट्युनिशिया, तुर्कस्तानसारखं शेंगेनबाहेरचं (युरोपी देशांच्या सामाईक व्हिसाच्या क्षेत्राबाहेरचं) बंदर असेल तर व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचाच हवा, नाहीतर परतीच्या युरोपी बंदरावर अडचण होते. जहाजाच्या रोजच्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचा फोन छापलेला असतो, त्याचा फोटो काढून सहाही मोबाइलवर ठेवा. पुरेसा वेळ असतानाच "आम्ही अडकलोय" असं त्याला कळवलं, तर जहाजाला निदान कल्पना मिळते. चुकलंच, तर जहाज बऱ्याचदा केबिनच्या तिजोरीतले पासपोर्ट काढून त्याच्याकडे सोडून जातं, आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा.

मोबाइल समुद्रात विमान मोडवर ठेवा. भारतातून घेतलेला इटलीचा रोमिंग पॅक जहाजाच्या सागरी नेटवर्कला चालत नाही आणि रात्रीत हजारोंचं बिल होऊ शकतं. धक्क्याला लागल्यावर इटलीचं नेटवर्क आलेलं बघून मगच चालू करा. जहाजाचं घड्याळ आणि किनाऱ्याचं घड्याळ एकच आहे ना, हे उतरताना शिडीवरच्या माणसाला विचारा. फोन आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ नाही, आणि सासूबाईंच्या हातावर तेच असणार.